शेवटचे चार टक्के

मुकुल झरीकरचं नवं कोरं ई-रीडर सध्या नांदेडला, कमलबाईंच्या लेकीच्या घरी, साबुदाण्याच्या बरणीशेजारी ठेवलेलं आहे, आणि कागदोपत्री पाहिलं तर ते मुकुलचं नाही.

ही माहिती अनवधानानं आधी आली. ती कामकाजातून वगळण्यात आली आहे असं समजून वाचकांनी पुढं चालावं. कमलबाई कोण, हे आपल्याला ठाऊक नाही. नांदेडला अजून कुणी गेलेलंच नाही. यंत्र परभणीत, मुकुलच्या हातात आहे, त्याचा नवेपणाचा वास गेलेला नाही, आणि कुणाच्याही मनात काही वाईट नाही.

मुकुल एका कनिष्ठ महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक होता. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज वाचायचे आणि संध्याकाळी आपल्या आवडीचं काहीतरी वाचायचं, एवढीच त्याची आयुष्याकडून मागणी. त्यासाठीच त्यानं यंत्र घेतलं. वहीपेक्षा लहान, पाटीसारखं काळं, दीडशे पुस्तकं पोटात असूनही पोट न सुटलेलं. त्यात तो एक रहस्यकथा वाचत होता. साखर कारखान्याच्या चेअरमनचा खून झालेला आणि बंगल्यात सात संशयित: डॉक्टर, पुतण्या, बहीण, ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकीण आणि हिशेबनीस. किती वाचून झालं ते यंत्राच्या खालच्या कोपऱ्यात टक्क्यांत दिसायचं. मुकुल शहाण्णव टक्क्यांवर पोचला होता.

उरलेल्या चार टक्क्यांची ही गोष्ट आहे. शहाण्णव टक्के निर्विघ्न पार पडले, त्यामुळं त्यांच्यात सांगण्यासारखं काही नाही.

शहाण्णवावर गाडी अडली ती वरच्या मजल्यावरच्या बन्सीधरकाकांमुळं. काका निवृत्त होते आणि शेजाऱ्यांच्या नव्या वस्तू तपासणं हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

"ह्याच्यात फोन लागतो का?"

"नाही काका."

"फोटो?"

"नाही."

"रंग तरी?"

"नाही. काळं-पांढरंच असतं हे."

काकांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांना सांगतात तितक्या मऊ आवाजात सांगितलं, "बिघडलेलं निघालंय बघ. परत दे."

त्यानंतर काका रोज संध्याकाळी यंत्राची तब्येत विचारायला येऊ लागले. येताना कधी मेव्हण्याला आणायचे, कधी जावयाला. चौथ्या दिवशी वैतागून मुकुलनं दुरुस्त झालं म्हणून सांगून टाकलं, तर काका खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "मग लाव बरं जिंतूरला फोन."

मुकुलची बायको मैथिली शाळेत गणित शिकवायची. तिचे सल्ले थोडके आणि बरोबर असायचे, त्यामुळं ते घरात कुणी ऐकत नसे. ती म्हणाली, "एवढी शांततेची हौस आहे तर वाचनालयात जाऊन बस की." लग्नाला तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात मुकुलनं तिचा ऐकलेला हा पहिला सल्ला, आणि नेमका हाच चुकीचा निघाला.

अक्षरसेवा सार्वजनिक वाचनालयात अनंतराव एक्केचाळीस वर्षं ग्रंथपाल होते. कुणाला मुलाबाळांचा अभिमान असतो, कुणाला शेतातल्या बोअरच्या पाण्याचा. अनंतरावांना दाखल नोंदवहीचा होता. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची तिच्यात नोंद व्हायची. अठरा हजार चारशे बेचाळीस नोंदी, आणि एकही खाडाखोड नाही. या नोंदवहीपुढं मुलीची पत्रिकासुद्धा त्यांना जरा गबाळी वाटली होती.

मुकुल दारातून आत शिरतो तोच त्यांनी टेबलावर पेन वाजवलं. "नियम सहा. बाहेरचं पुस्तक आत न्यायला मनाई आहे. इथं जमा करा."

"अनंतराव, हे पुस्तक नाही."

"वाचता येतंय?"

"येतं."

"पानं उलटतेत?"

"उलटतात."

"मग पुस्तकच की. ठेवा."

मुकुलनं ठेवलं आणि वाचनकक्षात जाऊन बसला. आता आपण वाचायचं काय, हा प्रश्न त्याला पाच मिनिटांनी पडला.

तेवढ्या पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं झालं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा त्याच दिवशी आला होता आणि अनंतरावांचा शिक्क्याचा हात चालू होता. वाचनालयाचा शिक्का तीन जागी मारतात: पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर. सतराव्या पानाचं गुपित असतं. चोर पहिलं पान फाडतो, शेवटचंही फाडतो, पण सतरावं त्याला सुचत नाही. हे गुपित परभणीत सगळ्यांना माहीत आहे, फक्त चोराला माहीत नाही असं धरून चालतात. अनंतरावांच्या हाताखाली काळं पुस्तक आलं. त्यांनी ते उघडलं, बोटानं सोळा पानं सरकवली, सतराव्या पानावर शिक्का ठोकला, त्यावर फुंकर घातली. शेवटचं पान काही केल्या येईना म्हणून तो शिक्का पाठीवर मारला. मग परतीच्या तारखांचा कागद डकवला, कडेला पांढऱ्या रंगानं १८४४३ असा दाखल क्रमांक घातला आणि निळ्या शाईनं नोंदवहीत नोंद केली.

मुकुल परत आला तेव्हा काचेवर जांभळा गोल शिक्का वाळत होता. त्यानं पान उलटलं. पुढच्या पानावर शिक्का. पुस्तक बदललं. त्यावरही शिक्का. दीडशे पुस्तकांच्या सगळ्या पानांवर एकाच दणक्यात शिक्का मारण्याचा मराठवाड्यातला हा पहिलाच प्रसंग असावा. 'सार्वजनिक' हा शब्द तर बरोबर मजकुराच्या मधोमध आला होता.

"अनंतराव, हे माझं आहे."

अनंतरावांनी यंत्राकडं पाहिलं, नोंदवहीकडं पाहिलं. शाई वाळली होती. नोंद रद्द करायची म्हणजे तिच्यावर रेघ मारायची. एक्केचाळीस वर्षांत पहिली रेघ. त्यांचा हात पेनाकडं गेला आणि मागं आला. मग त्यांची नजर 'देणगीदार' या रिकाम्या रकान्यावर पडली आणि चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं.

"झरीकर, इथं एक सही करा."

यंत्र परत मिळण्यासाठी असेल म्हणून मुकुलनं सही केली. वाचनाची एवढी आवड असलेल्या माणसानं न वाचता केलेली ही आयुष्यातली एकमेव सही. पुढच्याच क्षणी अनंतरावांनी खणातून सत्काराचा नारळ काढला. वाचनालयात एक नारळ कायम तयार असायचा; कोण पाहुणा कधी येईल सांगता येत नाही. आतले तीन म्हातारे वर्तमानपत्र खाली न करता टाळ्या वाजवून मोकळे झाले. कशा वाजवल्या ते त्यांनाच ठाऊक. आणि मुकुलनं काय करावं? आपल्याकडं कुणी नारळ पुढं केला की माणूस आधी वाकतो, दोन्ही हातांनी घेतो, आणि विचार घरी गेल्यावर करतो.

घरी गेल्यावर विचार केला, तोवर मैथिलीनं चटणी केली होती.

दुसऱ्या दिवशी मुकुल वाचनालयात हजर. अनंतराव वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मार्ग सांगितला. "तुमी श्रीफळ परत आणा. सत्कार रद्द करू. सत्कारच झाला नाही तर देणगी कुठून आली?"

"नारळाची चटणी झाली, अनंतराव."

"पूर्ण?"

"थोडी उरली आहे."

"वाटलेलं श्रीफळ घेता येत नाही आमाला." अनंतरावांना खरंच वाईट वाटलं. "मग आता निर्लेखन. म्हणजे ग्रंथ बाद ठरवून दफ्तरातून काढायचा. पण त्याला ग्रंथ फाटलेला पाहिजे, भिजलेला पाहिजे, नाहीतर वाळवीनं खाल्लेला."

"वाळवी हे खाणार नाही."

"तुमी आधीच नाही म्हणायलाव. एक दोन महिने कपाटात ठेवून तर बघू."

"मग मला सभासद म्हणून घरी तरी न्यायला द्या!"

अनंतरावांनी यंत्राच्या पोटातली यादी लावून पाहिली. तीत एक शब्दकोश निघाला. शब्दकोश म्हणजे संदर्भग्रंथ, आणि संदर्भग्रंथ वाचनालयाबाहेर जात नाही. संदर्भ विभाग सकाळी अकरा ते एक उघडा असतो, आणि त्या वेळात मुकुल महाविद्यालयात दुसऱ्यांचे अर्ज वाचत असतो.

"ते चार टक्के फोनवर वाच ना," मैथिली म्हणाली. "येतं वाचता. मी बघितलंय."

मुकुलनं तिच्याकडं दुखावल्या नजरेनं पाहिलं. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

घरात तत्त्व आलं की शहाण्या माणसानं गहू निवडायला घ्यावेत. मैथिलीनं घेतले.

तत्त्वाच्या जोडीला एक अडचणही होती. यंत्र घेतलं त्याच आठवड्यात मुकुलनं सोमवारची रजा टाकली होती. नांदेडला जायचं. काम काही नाही. जाताना गाडीत वाचायचं, गोदावरीच्या घाटावर बसून वाचायचं, संध्याकाळी वाचत वाचत परत यायचं. परभणीच्या इतिहासात नांदेडला काही कामाशिवाय निघालेला हा पहिलाच इसम, म्हणून साहेबांनी रजेच्या अर्जावर दोनदा प्रश्नचिन्ह काढून मग सही केली होती. आता रजा होती, गाडी होती, नांदेडही जागेवर होतं. फक्त वाचायचं यंत्र संदर्भ विभागात होतं.

मुकुलनं हे सगळं अनंतरावांना सांगितलं. अनंतरावांनी नोंदवही मिटली.

"झरीकर," ते म्हणाले, "वाचनालय म्हणजे काय? भिंती? भिंती तर तहसीललाबी आहेत. वाचनालय म्हणजे ग्रंथपाल, नोंदवही आणि शांतता. ह्या तीन गोष्टी जिथं, तिथं वाचनालय. सोमवारी आमची सुट्टी असते. मी येतो."

सोमवारी सकाळी परभणी स्टेशनावर अनंतराव इस्त्रीच्या सदऱ्यात उभे होते. काखेत दोन नोंदवह्या, पिशवीत शिक्का, शाईची गादी आणि 'कृपया शांतता राखा' ही पाटी. जनरलच्या डब्यात शिरल्याबरोबर त्यांनी पाटी खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधली, हजेरीची नोंदवही मांडीवर उघडली, मुकुलची वेळेसह सही घेतली आणि दाखल क्रमांक १८४४३ त्याच्या हातात दिला.

गाडी हलली. खिडकीतून वारा आला. मुकुलनं पाय जरा लांब केले आणि यंत्र सुरू केलं. शहाण्णव टक्के. शिक्क्याच्या आडून अक्षरं दिसली: 'इन्स्पेक्टरांनी दार लावून घेतलं आणि सातही जणांवरून नजर फिरवली. ते म्हणाले, खुनी याच खोलीत आहे.'

माणसाच्या आयुष्यात सुखाचे म्हणून जे क्षण असतात त्यातला हा एक होता. तो पिंगळी येईपर्यंत टिकला.

"काय बघायलास रं लेकरा त्या पाटीत?" समोरून आवाज आला. "सातबारा निघतोय का हिच्यात?"

समोर पेडगावच्या कमलबाई बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, लेकीकडं नांदेडला निघालेल्या, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. शेजारी त्यांचा दीर भुजंग.

"नाही मावशी. गोष्ट आहे."

"कशाची?"

"खुनाची."

"झरीकर, पहिली समज," अनंतरावांनी पाटीवर पेन आपटलं.

"मी बोललो नाही. उत्तर दिलं."

"उत्तराचाबी आवाज झाला. दुसरी समज."

पण खून हा शब्द एव्हाना डब्याच्या त्या टोकाला पोचला होता. "कुनाचा खून?" "चेअरमनचा म्हनायलेत." "कोन्त्या कारखान्याच्या?" दहा-बारा माणसं उठून आली. तो गोष्टीतला चेअरमन आहे हे कळल्यावर दोघंतिघं उघडउघड हिरमुसले, पण आलोच आहोत तर म्हणून थांबले.

"आमाला बी बघू द्या की," भुजंग म्हणाला. "सरकारी दिसतंय. शिक्का हाय त्याच्यावर."

अनंतरावांचे डोळे चमकले. "सरकारी नाही, सार्वजनिक. सभासद व्हावं लागेल. नाव, गाव, सही. या, एकेक या."

"अनंतराव!" मुकुल म्हणाला.

"झरीकर, वाचनालय सार्वजनिक आहे. वाट बघणारा वाचक असला तर ग्रंथ पंधरा मिनिटांत पुढं द्यायचा, हा वर्तमानपत्राचा नियम. तुमची चौदा झाली."

चौदातली बारा मिनिटं बोलण्यात गेली होती. पंधराव्या मिनिटाला यंत्र कमलबाईंच्या हातात होतं.

"बारीक हाय रं हे. चष्मा घरीच राह्यला माझा."

चांगल्या घरातल्या मुलांचं असं नुकसान होतं. मुकुलनं स्वतः पुढं वाकून अक्षर मोठं करून दिलं. "आनखी," कमलबाई म्हणाल्या. त्यानं आणखी मोठं केलं. "आनखी." शेवटी पानावर एकच शब्द मावू लागला. "हां! आता कसं."

कमलबाई प्रौढ वर्गात वाचायला शिकल्या होत्या. तिथं कुणी मनात वाचलं तर बाई विचारायच्या, "वाचायलीस का झोपलीस?" त्यामुळं त्या खणखणीत वाचत. बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं, एक शब्द म्हणायचा.

"खुनी." बोट. "याच." बोट. "खोलीत." बोट. "आहे."

डबा चिडीचूप झाला. दोन शब्दांच्या मधल्या जागेत माणसं श्वास घ्यायला विसरू लागली. "वयनी, थांबू नका," भुजंग कुजबुजला, "लय भारी चाललंय."

शेवट मुकुलला वाचायचा होता, ऐकायचा नव्हता. शहाण्णव टक्के एकट्यानं वाचलेल्या माणसाला उरलेले चार टक्के दुसऱ्याच्या तोंडून, तेही मेथीच्या पिशवीआडून मिळावेत, हा अपमान होता. "अनंतराव, मोठ्यानं वाचायला मनाई आहे ना?"

अनंतराव नियमाच्या आणि खुन्याच्या मध्ये सापडले होते. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "हे वाचन नाही," ते म्हणाले, "हे कथाकथन आहे. कार्यक्रमात मोडतं. कार्यक्रमाला श्रोत्यानं गडबड करायची नसते."

मुकुलनं कानात बोटं घातली. तरी "डॉक्टरांनी" ऐकू आलं. मग त्यानं शेवटचा उपाय केला. एकोणतिसाचा पाढा म्हणायला घेतला, ठणठणीत आवाजात.

"एकोणतीस साते दोनशे तीन! एकोणतीस आठे दोनशे बत्तीस!"

"काय झालं ह्याला?" कुणीतरी विचारलं.

"एकोनतीस आठे बरोबर हाय," दुसरा म्हणाला, "पर टाइम चुकलाय."

"एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट!"

"तिसरी समज," अनंतराव उभे राहिले. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि हातात नोंदवही होती. "शांतता भंग. झरीकर, तुमाला वाचनालयाबाहेर काढण्यात येत आहे."

गाडी पूर्णेला थांबली होती. मुकुल झरीकर स्वतःच्या यंत्रापासून, स्वतःच्या रजेच्या दिवशी, स्वतः काढलेल्या तिकिटासह, खाली उतरला आणि मागच्या डब्यात जाऊन बसला. तिथं वाचण्यासारखं एकच होतं: खिडकीखाली कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं 'गोपाळ'. त्यानं ते लिंबगाव येईपर्यंत वाचलं. चांगलं होतं, पण कथानक नव्हतं.

लिंबगाव सुटलं आणि पुढच्या डब्यातून एकदम "आऽऽ!" असा आवाज आला. मग टाळ्या. मग टाळ्यांच्या वर एक आवाज, "म्या पूर्णेलाच म्हन्लं हुतं!"

मुकुलनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं.

नांदेडच्या फलाटावर डबा रिकामा झाला तो एखाद्या लग्नातून माणसं निघावीत तसा. सगळे एकमेकांना ओळखत होते. तेवीस नवे सभासद झाले होते. अनंतरावांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मुकुलला आपला राग क्षणभर खिशात घालावा लागला. कमलबाईंनी यंत्र मेथीच्या पिशवीत ठेवलं होतं.

"मावशी, चार टक्के," मुकुल म्हणाला. "फक्त चार. इथंच, उभ्यानं वाचतो."

"आरं पर मला पयल्यापासनं वाचायचं हाय की," कमलबाई म्हणाल्या. "शेवट कळला. आता त्यो मेला कसा ते नको का कळाया? लेकीला बी वाचून दावते."

"संदर्भग्रंथ आहे तो! बाहेर जात नाही!"

अनंतराव खाकरले. "तेवीस सभासद झाल्यावर आमी त्याला देवघेव विभागात घेतला. सात दिवसांसाठी. दोनदा मुदतवाढ मिळते."

एका पानावर एक शब्द, आणि आख्खी कादंबरी. मुकुलनं मनातल्या मनात गणित सुरू केलं आणि मैथिलीची फार आठवण आली. प्रतीक्षायादीत बाकीचे बावीस जण होते. त्याचा नंबर तेविसावा. शिवाय शांतता भंगाबद्दल एक महिना सभासदत्व स्थगित.

"वाईट वाटून घेऊ नका भाऊ," भुजंगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी काय नाव सांगनार न्हाई बघा. इमान हाय. पर डॉक्टरवर आपण उगंच शक घेतला."

सातातला एक गेला. मुकुल "नको, नको" म्हणत मागं सरकला तर तिथं आणखी एक सभासद उभा होता. तो सुस्कारा टाकून म्हणाला, "आन् माळी तर बिचारा."

मुकुलनं अनंतरावांचा हात धरला आणि स्टेशनाबाहेर धाव घेतली. रिक्षात बसल्यावर जरा बरं वाटलं. रिक्षावाल्यानं आरसा नीट केला. "साब, पैसेंजर बोल रहे थे गाडी में कोई किस्सा हुआ. हमेशा ड्राइवर पे शक करते लोगां. देखो, बेकसूर निकला ना?"

राहिले चार.

घाटावर ऊन कोवळं होतं, गोदावरी संथ होती, पायऱ्यांवर कुणी नव्हतं. वाचायला याहून चांगली जागा मराठवाड्यात शोधून सापडली नसती. मुकुल आणि अनंतराव शेजारी शेजारी बसले. वाचायला दाखल नोंदवही होती. मुकुलनं ती थोडी चाळली. सुवाच्य होती.

"झरीकर, एक सांगू?" अनंतराव म्हणाले.

"नाव सोडून काहीही सांगा."

"एक्केचाळीस वर्षं मी पुस्तकं दिली आणि घेतली. टेबल सोडता येत नाही. वाचक पुस्तक परत करतो, मी तारीख बघतो, तो निघून जातो. शेवटी काय झालं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. मी विचारलंबी नाही. आज पहिल्यांदा मी शेवट ऐकला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं असतंय होय ते."

मुकुलचा राग अजून होता, पण त्याची धार गेली होती. त्यानं घाटावरून दोन कप चहा आणला आणि एक अनंतरावांना दिला.

अनंतरावांनी घोट घेतला. शेवट त्यांच्या पोटात नुसता उसळ्या मारत होता, हे लांबूनही दिसत होतं. त्यांनी ओठ आवळले, नदीकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, मग राहवलं नाही. "एवढंच म्हणतो. त्या बहिणीबद्दल मला लय आदर वाटायलाय."

तीन.

परतीच्या गाडीत मुकुलनं मफलर कानाला गुंडाळला. अनंतराव सगळा वेळ पंजानं तोंड दाबून बसले होते. समोरच्या बाईनं त्यांना उलटी होतेय समजून लिंबू दिलं. दिवस मावळायच्या आत मुकुल घरी पोचला. दारात बन्सीधरकाका.

"पेडगावच्या पाव्हण्यांचा फोन आला होता," काका म्हणाले. "पुतण्या सुटला म्हणे रे. चांगलं झालं. तरुण पोर आहे."

राहिले दोन. स्वयंपाकीण आणि हिशेबनीस.

मैथिलीनं ताट वाढलं आणि त्याच्या चेहऱ्याकडं पाहून फोन पुढं सरकवला. त्यावर पुस्तक उघडलेलं होतं, शहाण्णव टक्क्यांवर. बोट फिरवायचा अवकाश. मुकुल त्याच्याकडं एक मिनिटभर पाहत राहिला. मग त्यानं फोन उलटा करून ठेवला.

"तत्त्व?" मैथिली म्हणाली.

"तत्त्व."

"मग जेव. आणि मला विचारू नकोस, मी वाचलंय."

मंगळवारी कार्यालयात गेल्या गेल्या मुकुलनं, रजेचा सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचा अर्ज लिहायला घेतला. तो खालीलप्रमाणे:

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी.

विषय: खुन्याचे नाव उच्चारण्यास जिल्हाभर मनाई करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, अर्जदार हा शहाण्णव टक्के वाचक असून उर्वरित चार टक्क्यांसाठी प्रतीक्षायादीत तेविसाव्या क्रमांकावर आहे. सदर क्रमांक येण्यास अंदाजे दीड वर्ष लागेल, व कमलबाई राहणार पेडगाव यांचा वाचनाचा वेग पाहता त्याहून अधिक. दरम्यान सात संशयितांपैकी पाच जण जनतेने परस्पर निर्दोष सोडले असून दोनच शिल्लक आहेत.

तरी माझा नंबर येईपर्यंत जिल्ह्याच्या हद्दीत, तसेच रेल्वेमार्गे नांदेडपर्यंत, कोणत्याही इसमाने अर्जदाराच्या शंभर मीटर परिसरात स्वयंपाकिणीविषयी कळवळा अगर हिशेबनिसाविषयी सहानुभूती व्यक्त करू नये, असा मनाई आदेश तातडीने जारी करण्यात यावा. सुस्कारे, सूचक खाकरणे व अर्थपूर्ण हसणे हेही आदेशात समाविष्ट असावे. माझी पत्नी सौ. मैथिली हिला स्वयंपाकघरापुरती सूट देण्यास हरकत नाही, तथापि तिने भाजी वाढताना माझ्याकडे पाहून हसू नये.

आपण स्वतः सदर कथा वाचली असल्यास या अर्जावर निर्णय देण्याचे काम कृपया न वाचलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवावे. आणि असा अधिकारी जिल्ह्यात उरला नसल्यास, बाहेरून मागवावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
मुकुल झरीकर
(सभासदत्व स्थगित)